सागवानी कपाट, पाइनचं रॅक, एमडीएफचं टेबल : रंग लावावा की पॉलिश?

कडीकोयंडा

चार वस्तूंचं काम पावसाळ्याआधी उरकायचं आहे. पुण्यातला फ्लॅट, ८ बाय ४ फुटांची बाल्कनी, सगळं हातानेच. कॉम्प्रेसर नाही.

१. कपाट, ६ फूट उंच, साडेतीन फूट रुंद, दीड फूट खोल. साग आहे असं म्हणतात. वर ऑइल पेंटचे तीन-चार थर, सगळ्यात वरचा हिरवा.
२. पाइनचं पुस्तकांचं रॅक. कोरं, गाठी भरपूर.
३. एमडीएफचं टेबल. पुढची कड पाण्याने जरा फुगली आहे.
४. टीव्ही युनिट, प्लायवर सागाचं विनियर. जुनं मेलामाइन पॉलिश, दोन ठिकाणी पांढुरकं झालंय.

घरात दोन तट पडलेत. एकाला सगळं पांढरं हवंय, दुसऱ्याला सगळं "लाकडासारखं" दिसायला हवंय. कुठल्या वस्तूला काय लावावं?

रंधा

आवड बाजूला ठेवा, आधी वस्तू तपासा. चारपैकी दोन वस्तूंच्या बाबतीत तुम्हाला निवड करायला वावच नाही.

एमडीएफला स्टेन बसत नाही. तो दाबलेला भुसा आहे, त्याला रेषा नाहीत. स्टेन लावलात तर डाग पडल्यासारखा तपकिरी चट्टा होतो. त्याला रंगच. विनियरचं उलट आहे. वरचा सागाचा पापुद्रा साधारण अर्धा मिलिमीटर, पुष्कळदा त्याहून पातळ. लोकांनी पैसे मोजलेले असतात ते त्या पापुद्र्यासाठी. त्यावर पांढरा रंग चढवायचा तर साधा प्लाय काय वाईट होता?

उरलं कपाट आणि रॅक. कपाटाचा निर्णय पाठीमागच्या किंवा आतल्या बाजूला ४ इंच बाय ४ इंचाचा तुकडा खरवडल्याशिवाय घेऊ नका. तेवढ्याच जागी पेंट रिमूव्हर लावा, १५ मिनिटं थांबा, पत्र्याच्या पट्टीने काढा आणि थिनरने पुसा. असा तुकडा दरवाजावर एक, बाजूच्या फळीवर एक आणि चौकटीवर एक. तिन्हीकडे एकच लाकूड निघेल असं धरून चालू नका. जुन्या कपाटांत दरवाजे सागाचे आणि बाजू-पाठ हलक्या लाकडाची, हे सर्रास असतं.

साग ओळखायला सोपा. सोनेरी-तपकिरी रंग, मध्ये गडद रेघा, हाताला किंचित तेलकट, ताज्या खरवडीला कातड्यासारखा वास. खाली लांबीचे (भोकं बुजवायच्या पुटीचे) ठिगळ, खिळ्यांची रांग किंवा घुणाची भोकं निघाली तर पॉलिशचा नाद सोडा. रंग या गोष्टी झाकतो, पॉलिश त्यांना आणखी उठाव देतं.

रंगावर रंगच द्यायचा ठरला तर जुना थर घट्ट आहे का ते बघा. ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. दोन-चार चौकोन निघाले तर चालेल. पट्टीवर पापुद्रेच आले तर जुना रंग मुळापासून काढणं आलं. त्यावर कितीही महाग रंग लावा, तो खालच्या थरासकट सुटणार.

वर्षाऋतू

त्या हिरव्या रंगाबद्दल एक. कोरडा पॉलिशपेपर घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही हिरवा, पिवळा, केशरी या रंगांत, शिसं असण्याची शक्यता भरपूर. धूळ उडाली की ती घरभर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून थेट तोंडात जाते. रिमूव्हर लावून ओलं असतानाच खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, कचरा पिशवीत बांधून टाका. घासायचंच झालं तर पाण्याचा पॉलिशपेपर, ओला करून. हॉट गनने तापवून काढण्याचे व्हिडिओ खूप दिसतात, शिशाच्या रंगावर तो प्रयोग नको.

आणि कोणी कॉस्टिक सोड्याचं पाणी लावायला सांगेल. रंग निघतो खरा, पण साग काळवंडतो आणि सांध्यातला सरस सुटतो.

लाखदाणा

'पॉलिश' हा शब्द घेऊन दुकानात गेलात तर पाच वेगळ्या वस्तू समोर येतील. म्हणून आधी फोड करून घ्या. स्टेन म्हणजे फक्त रंग. तो लाकडात मुरतो, वर थर धरत नाही, संरक्षण शून्य. त्यावर काहीतरी पारदर्शक लावावंच लागतं: लाखेचं फ्रेंच पॉलिश, वॉर्निश, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). सागाला बहुतेक वेळा स्टेन लागतच नाही. घासलेल्या कोऱ्या सागावर टर्पेंटाइनचा बोळा फिरवा. ओलं असताना जो रंग दिसतो, जवळपास तोच क्लिअर पॉलिशनंतर दिसेल. तो आवडला तर स्टेनचा डबा विकत घेऊ नका. आणि स्टेनने लाकूड गडद करता येतं, फिकं करता येत नाही, हे घरातल्या दोन्ही तटांना सांगा.

हाच टर्पेंटाइनचा हात दुसरंही काम करतो. सांध्यांपाशी जिथे फेव्हिकॉल ओघळून पुसलेला असतो तिथे टर्पेंटाइन मुरत नाही. सगळी फळी गडद होते आणि मध्येच बोटाच्या ठशाएवढा फिकट डाग तसाच उरतो. कोरडं असताना तो कितीही बारकाईने पाहा, दिसत नाही. पेन्सिलीने खूण करा, पटाशीच्या धारेने खरवडा, १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) आणि पुन्हा बोळा फिरवा. हे टाळलं तर तो ठसा पॉलिशखाली कायमचा.

हाताने करायला फ्रेंच पॉलिशइतकं सोयीचं काही नाही. एक लिटर स्पिरिटला २०० ग्रॅम चपडा लाख, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत, रात्रभर, मधूनमधून हलवून, सकाळी मलमलीतून गाळायचं. लोखंडी डबा नको, लाख काळी पडते. एका कपाटाला दीड लिटर द्रावण पुरतं. लाख घेताना ताजी आहे ना ते बघा. जुनी लाख नीट विरघळत नाही आणि विरघळली तरी थर चिकट राहतो. काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरून ठेवा, तासाभरात नख रुतेनासं झालं तरच वापरा.

क्रम: १२० नंबर, मग १८०, शेवटी २२०. नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा एक जरी ओरखडा राहिला तरी पॉलिशनंतर तो उठून दिसतो. १८० नंतर ओल्या फडक्याने पुसा, तासभर वाळू द्या, लाकडाची लव उभी राहील, ती २२० ने कापा. मग भरण: चॉक पावडरीत पेवडी (पिवळी रंगपूड) आणि चिमूटभर हिरमजी (तांबडी रंगपूड), सागाच्या रंगापेक्षा अर्धी छटा गडद. पातळ लाखेत कालवून गोणपाटाने रेषांना आडवं चोळा, म्हणजे छिद्रांत बसतं. फिकं भरण ठेवलं तर वाळल्यावर छिद्रं पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. हे चुकलेलं काम वर्षभराने अजूनच डोळ्यांत येतं.

भरण वाळून ३२० नंबरचा हलका हात झाला की ब्रशने लाखेचे दोन हात, मध्ये तास-दोन तास. त्यानंतर गादी. कापसाचा लिंबाएवढा गोळा, वरून धुवून मऊ झालेलं सुती कापड. गादी दाबली की ओलसर व्हावी, थेंब पडता कामा नये. तोच भाग लगेच पुन्हा पुसायचा मोह टाळा. खालचा हात विरघळतो आणि गादी तिथेच चिकटून थर ओढते. असे पाच-सहा हात, दिवसाला दोनच.

डबा_ब्रश

लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ, सॅनिटायझर सांडलं की खड्डा, हेही सांगून टाका की. कपाटाच्या दाराला ती ठीक. टेबलाला नको.

रंगाची बाजू मांडतो. एमडीएफची फुगलेली कड आधी कापून किंवा घासून सरळ करा. फुगलेला भुसा पुन्हा बसत नाही. मग कडेला पातळ लाखेचे दोन हात द्या, किंवा फेव्हिकॉल आणि पाणी समान घेऊन एक हात. कड स्पंजासारखी पिते. हे न करता प्राइमर लावला तर वरची पाटी गुळगुळीत आणि कड खरखरीत, असा दोन तऱ्हांचा तुकडा तयार होतो. पहिला प्राइमर ऑइलचाच घ्या. पाण्याच्या प्राइमरने एमडीएफची लव उभी राहते. तो वाळला की लांबी, १८०, पुन्हा प्राइमर, २२०, मग इनॅमलचे दोन पातळ हात.

प्रमाण म्हणाल तर तुमच्या कपाटाची दर्शनी बाजू, दोन कुशी आणि डोकं मिळून साधारण ४४ चौरस फूट होतं. ब्रशने एका हाताला अर्धा लिटरच्या आतबाहेर इनॅमल लागतं. म्हणजे दोन हातांना एक लिटर, प्राइमर अर्धा लिटर. चार लिटरचा डबा कोणी गळ्यात मारू नये म्हणून लिहिलं.

ऑइल इनॅमल की पाण्याचं? पांढरा हवा असेल तर पाण्याचं. ऑइलचा पांढरा उजेड नसलेल्या जागी पिवळा पडतो, कपाटाची आतली बाजू हमखास. पाण्याच्या रंगाचा दोष वेगळा: हाताला कोरडा लागतो पण आठ-दहा दिवस कच्चा असतो. दार चौकटीवर घट्ट मिटलं की चिकटतं आणि उघडताना रंगाची साल निघते. तेवढे दिवस दारात दोऱ्याचा तुकडा अडकवून फट ठेवा. ड्रॉवर जिथे घसरतात त्या पट्ट्यांना रंग अजिबात नको, तिथे मेणबत्ती घासा.

मांडवी

+१. यात एक भर. सागावर, बाभळीवर किंवा शिसवीवर पाण्याचा पांढरा रंग थेट लावला तर दोन-तीन दिवसांत पिवळट-तपकिरी डाग वर येतात. लाकडातला कस पाण्यात विरघळून रंगातून बाहेर पडतो. वर आणखी चार हात दिले तरी तो येतच राहतो. उपाय स्वस्त आहे: रंगाआधी लाखेचे दोन हात. पाइनच्या गाठींनाही तेच, नाहीतर राळ झिरपून प्रत्येक गाठीवर पिवळा चंद्र उगवतो.

मात्र साध्या लाखेत नैसर्गिक मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही. वर पीयू द्यायचा असेल तर बरणी दोन दिवस न हलवता ठेवा, मेण तळाला बसेल. वरचं नितळ द्रावण अलगद ओतून तेवढंच वापरा.

तिपाई

पाइनच्या रॅकला रंग की स्टेन हा खरा वादाचा प्रश्न, आणि त्यावर सगळे गप्प. माझं मत स्पष्ट आहे. गाठी आवडत असतील तर नुसतं क्लिअर करा. गाठी नको असतील तर रंग द्या. गडद स्टेन लावून पाइनचा साग करायला जाऊ नका.

कारण पाइनचा मऊ भाग स्टेन भसाभसा पितो आणि कडक रेघ पीतच नाही. कोऱ्या पाइनमध्ये रेघा गडद असतात, स्टेननंतर उलटं होतं: मधलं अंग गडद, रेघा फिक्या. छायाचित्राची निगेटिव्ह पाहिल्यासारखं. वर जागोजागी ढग. तरीही करायचंच असेल तर आधी एकदम पातळ लाख, एक लिटरला ५०-६० ग्रॅम, एक हात. वाळल्यावर २२० फिरवा, मग स्टेन. मुरणं आटोक्यात येतं, रंगही फिका येतो.

स्टेन लावताना एक अख्खी फळी एका दमात. कापडाने लावा, तीन ते पाच मिनिटं थांबा, उरलेला सगळा पुसून काढा. पुसायचा राहिला तर तो चिकट थर होऊन बसतो, आठवडा झाला तरी वाळत नाही आणि वरचं पॉलिश त्यावरून सोलून निघतं. फळीच्या मध्यावर थांबून फोन घेतलात तर तिथे वाळलेली कड पडते आणि ती पुन्हा बुजत नाही. फळीचं डोकं, म्हणजे कापलेलं टोक, दुप्पट पितं. टोक ३२० पर्यंत घासा म्हणजे रंग जुळतो. बाकी अंग मात्र १८० वरच सोडा. फार गुळगुळीत केलं तर छिद्रं बुजतात आणि स्टेन धरत नाही.

रंग मिसळलेलं वॉर्निश एका हातात काम उरकतं म्हणून खपतं. त्यात रंग वरच्या थरात असतो, पुस्तक घासलं की खालचं पांढरं लाकूड दिसतं. पुस्तकांच्या रॅकला तर मुळीच नको.

कडीकोयंडा

तिन्ही ठिकाणी खरवडलं. दरवाजे आणि चौकट साग, शंका नाही. बाजूच्या फळ्या फिक्या, राखाडी-पिवळ्या, मध्ये लांबी भरलेली, एका कोपऱ्यात घुणाची जुनी भोकं. चिकटपट्टीला बाजूच्या रंगाचे दोनच चौकोन आले. म्हणजे बाजू रंगवायच्या आणि पुढून पॉलिश? विचित्र दिसेल का? विनियरच्या पांढुरक्याचंही सांगा.

रंधा

विचित्र दिसेल ते बाजूंना सागाशी जुळणारा तपकिरी रंग दिलात तर. खोटं लगेच ओळखू येतं. सरळ वेगळा रंग घ्या, गडद निळा, शेवाळी, राखाडी, काहीही. दर्शनी साग त्यात उठून दिसतो.

भोकांतून अजून भुसा पडतो का बघा. काळा कागद आठवडाभर खाली ठेवला की कळतं. पडत असेल तर कीडनाशक सिरिंजने भोकाभोकांत भरून मगच पुढचं काम. बाजूचा जुना रंग घट्ट आहे, काढायची गरज नाही. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुवा, २२० च्या पाण्याच्या पेपरने चकाकी मारा, प्राइमर, दोन हात.

आधी सागाचं काम. रिमूव्हर दोन वेळा लागेल, चार थर आहेत. दोन-अडीच लिटर धरा. भरण आणि लाखेचे दोन हात झाले की दोन दिवस थांबा, मग सागाच्या कडेवर मास्किंग टेप लावून बाजू रंगवा. उलट क्रमाने गेलात आणि निळ्याचा ओघळ कोऱ्या सागात गेला, तर तो छिद्रांतून सुईने काढत बसावं लागेल. टेप ताज्या लाखेवर लावली तर लाख सोबत येते, म्हणून ते दोन दिवस. लाखेचे शेवटचे हात रंग वाळल्यावर.

सागाला पहिला हात देण्याआधी थिनरने एकदा पुसा आणि थिनर उडाला की तासाभरात हात द्या. सागाचं तेल वर आलेलं असतं, ते राहिलं तर थर उशिरा वाळतो.

लाखदाणा

विनियर: मेलामाइन आहे की लाख, ते आधी पक्कं करा. आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबा. चिकट झालं तर लाख. काही झालं नाही तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा बोळा. त्याने मऊ पडलं तर एनसी लॅकर, त्यालाही दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू. पांढुरकेपणा बहुधा थरात अडकलेल्या ओलाव्याचा. लाख असेल तर स्पिरिटने नुसती ओलसर केलेली गादी हलकेच फिरवली की जातो. मेलामाइन असेल तर ३२० ने हाताने घासून वर नवीन हात. मशीन लावू नका. अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा कोपऱ्यावर दोन सेकंदांत जातो आणि खालचा प्लाय उघडा पडतो. मग मात्र रंगाशिवाय गत्यंतर नाही.

विनियरला फुगा आला असेल तर सुती कापड ठेवून मध्यम इस्त्री, मग वजन. फेव्हिकॉलने चिकटवलेलं असेल तर पुन्हा बसतं.

वर्षाऋतू

मेलामाइन आणि दोन डब्यांचा पीयू बंद खोलीत नको. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, कापडी मास्क त्याला काहीच करत नाही. बाल्कनी असली तरी ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. मिसळलेला माल काही तासांत घट्ट होतो, म्हणून लागेल तेवढाच मिसळा.

जवसाचं तेल किंवा तेलाचा स्टेन वापरलात तर चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या पोटात ती साठते आणि चिंधी आपोआप पेटते. एकेक फडकं पसरून वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

पाऊस सुरू झाला तर लाखेला थांबवा. दमट हवेत स्पिरिट उडताना थर थंड होतो, त्यावर बाष्प बसतं आणि सगळं दुधाळ होतं. सकाळी ११ ते ४ मध्येच काम करा. कोकणात तर जून ते सप्टेंबर डबा उघडूच नये.

मांडवी

कोकणाचा विषय निघाला म्हणून. फणसाच्या लाकडाचं काही असेल तर त्याला स्टेन लावून बसू नका. सुरुवातीचा भडक पिवळा रंग उजेडाने आपोआप तपकिरी होतो. आज पिवळ्यावर जुळवलेला स्टेन दोन वर्षांनी काळपट दिसेल. तसंच गोव्याकडची जुनी शिसवी, वेताची बैठक असलेल्या खुर्च्या: त्यांना पांढरा 'शॅबी', म्हणजे मुद्दाम जुनाट दिसणारा, रंग देण्याची फॅशन आली आहे. शिसवीच्या नक्षीत शिरलेला पांढरा रंग पुन्हा पूर्ण निघत नाही, एवढंच म्हणते.

कडीकोयंडा

शेवटचा प्रश्न. दाराच्या कड्या काढल्या, तिथे सागावर काळी वर्तुळं आहेत. घासून जात नाहीत.

रंधा

लोखंडी स्क्रू आणि सागाचा कस ओलाव्यात एकत्र आले की तो काळा डाग होतो, आत मुरलेला असतो. घासत बसू नका. एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, प्लॅस्टिकच्या भांड्यात, रबरी हातमोजे घालून. ते विषारी आहे, स्वयंपाकघरातलं भांडं नको. नुसत्या डागावर लावलं तर फिकट वर्तुळ उरतं, म्हणून सबंध पट्टीवर ब्रशने लावा. अर्धा तास ठेवा, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसा, एक रात्र वाळू द्या. डाग राहिला तर पुन्हा एकदा. धुतल्याशिवाय घासायचं नाही, स्फटिकांची भुकटी नाकाला झोंबते.

कड्या परत बसवताना पितळी स्क्रू घ्या. पितळ मऊ असतं, आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्या, तो काढा आणि मग पितळी. थेट पिळलात तर डोकं तुटून हातात येतं.